दादांचा बाभळीचा पाइप

लग्नाला चार वर्षं झाल्यावर माझे सासरे माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलले. ते वाक्य होतं, "ड्रिल सरळ धरा."

त्याआधी ते माझ्याशी बोलत नसत असं नाही. बोलायचे, पण वीणामार्फत. दिवाळीला नाशिकला गेलो की आम्ही समोरासमोर जेवायला बसायचो आणि ते माझ्या बायकोला सांगायचे, "तुझ्या यजमानांना विचार, आमटी हवी का." वीणा माझ्याकडे वळायची. "दादा विचारतायत, आमटी हवी का?" मी म्हणायचो, "अर्धी वाटी." वीणा तिकडे वळायची. "अर्धी वाटी म्हणतायत." तोवर आमटी गार झालेली असायची.

त्यांच्या रागाला कारण होतं. दादा वनखात्यात रेंजर होते. निवृत्त होण्याआधी त्यांनी वीणासाठी आपल्याच खात्यातला एक मुलगा हेरून ठेवला होता. वीणानं मात्र अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतला मेंटेनन्स इंजिनियर हेरला, आणि आम्ही घरी न सांगता रजिस्टर लग्न करून मोकळे झालो. "जन्मभर झाडं जगवली आणि जावई झाडं सुकवणारा मिळाला," असं दादा कुणापाशी तरी बोलल्याचं माझ्या कानावर आलं होतं. (आमच्या कंपनीच्या चिमणीकडे बघता त्यात फार अतिशयोक्ती नव्हती.)

तर असे हे दादा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी एकदा आमच्याकडे राहायला आले. नाशिकच्या घराचं छप्पर काढून स्लॅब टाकायचं काम निघालं होतं, सासूबाई आधीच गेलेल्या, आणि मेहुण्यानं त्यांना जवळजवळ ढकलूनच पाठवलं होतं. आम्ही मोरिवलीच्या बाजूला कंपनीच्या कॉलनीत राहायचो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागं जाळीची गॅलरी. वीणानं गॅलरीत वेताची खुर्ची ठेवली, बाजूला तिवई, तिवईवर पितळी रक्षापात्र. सगळं दादांच्या पाइपसाठी. दादा घरात शिरले, हाशहुश करून बसले, कोटाच्या खिशातून तंबाखूची चामडी पिशवी काढली, दुसऱ्या खिशात हात घातला आणि तसेच थांबले.

पाइप एस.टी.च्या खिडकीत राहिला होता.

ज्यांच्या घरात पाइप ओढणारं कुणी नाही त्यांना या प्रसंगाचं गांभीर्य कळणार नाही. दादा ओरडले नाहीत. ते नुसते पिशवीचा वास घेत बसून राहिले. संध्याकाळी वास, सकाळी वास, जेवणानंतर वास. तिसऱ्या वासाला वीणा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"अहो, काहीतरी करा. रविवारी मुंबईला जाऊन एक पाइप घेऊन या."

"मुंबईला कशाला?" मी म्हणालो. "उल्हासनगरला काय मिळत नाही?"

ही आमच्या भागातल्या सगळ्यांची श्रद्धा होती. उल्हासनगरच्या सिंध्यांच्या कॅम्पात एक चक्कर टाकली की जगातली कुठलीही वस्तू मिळते, आणि नाही मिळाली तर संध्याकाळपर्यंत बनवून मिळते. मी पहिल्या दुकानात गेलो. "शेठ, पाइप है क्या?"

"है ना साईं. कौनसा? गॅस का, पानी का?"

"पीने का."

"पीने के पानी का. आधा इंच के पौना?"

मी हातवारे करून दाखवलं. शेठनं विचार केला, मला दुसऱ्या दुकानात पाठवलं, त्यानं तिसऱ्या, आणि शेवटी एका गल्लीत मला खरोखरच पाइप मिळाला. तपकिरी, चकचकीत, हुबेहूब. प्लॅस्टिकचा. घरी आणून मी तो मोठ्या अपेक्षेनं तिवईवर ठेवला. दादांनी तो बोटानं जरा हलवला आणि वीणाला म्हणाले, "यांना सांग, मी बालनाट्यात काम करत नाही."

वीणानं सांगितलं नाही. मी ऐकलं होतं.

माणूस अशा वेळी गप्प बसून मुंबईची वाट धरतो. पण माझ्यातला इंजिनियर दुखावला गेला होता. मी रोज एवढाले पंप उघडून जोडत होतो. पाइप म्हणजे शेवटी काय? एक वाटी आणि तिला एक भोक. "मीच करतो," मी जाहीर केलं. वीणा म्हणाली, "अहो, मागच्या वेळी तुम्ही स्टूल केलं होतं." मी म्हणालो, "ते वेगळं होतं." (ते स्टूल आम्ही पुढं उलटं करून त्यात कुंडी ठेवायचो.)

उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांकडून लाकडाचे उरलेले तुकडे आणले. शेजारच्या फडक्यांकडून हँडड्रिल मागून आणलं. रात्रपाळी करून आलो की दुपारी जरा झोपायचो आणि ऊन उतरलं की गॅलरीत बैठक मारायचो. वीणा कुळगावच्या शाळेत शिकवायची, ती संध्याकाळी उशिरा यायची. घरात मी आणि दादाच. निरोप पोचवायला मध्ये कुणी नाही. पहिल्या दिवशी दादा वेताच्या खुर्चीत पेपर आडवा धरून बसले होते. मी पायांत लाकूड दाबून ड्रिल फिरवत होतो. ड्रिल घसरून माझ्या मांडीच्या दिशेनं निघालं, आणि पेपरमागून ते ऐतिहासिक वाक्य आलं.

मी इतका चकित झालो की ड्रिल खरंच सरळ धरलं.

पेपर खाली आला. "कुठलं लाकूड आणलंत?"

"शिसम आहे, दादा."

त्यांनी हात पुढं केला. मी तुकडा दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, नख मारलं, तळहातावर तोलला. "शिसमला कळलं तर वाईट वाटेल."

"मग काय आहे?"

"बाभूळ. पण फसवणूक बरी झाली तुमची. बाभूळ जड असते, लवकर जळत नाही. पाइपला चालेल. करा."

आणि मी केलं. म्हणजे करत राहिलो. पाइप करताना दोन भोकं पाडावी लागतात. एक वरून, तंबाखूसाठी रुंद. एक आडवं, धुरासाठी बारीक. ही दोन भोकं वाटीच्या तळाशी एकमेकांना भेटली पाहिजेत, एवढीच त्यातली अट. माझी भेटत नव्हती. पहिल्या तुकड्यात आडवं भोक वाटीच्या खालून निघून गेलं. दादा म्हणाले, "यांची चुकामूक झाली." दुसऱ्यात ते भलतीकडूनच बाहेर आलं. दादांनी त्यातून डोळा लावून बघितलं. "फडक्यांचं घर दिसतंय."

ते हसले नाहीत, पण मी हसलो, आणि मग त्यांच्या मिश्या जरा हलल्या. पांढऱ्याशुभ्र, भरघोस मिश्या होत्या त्यांच्या.

खरं सांगायचं तर त्या दुपारी मला पाइपपेक्षा जास्त आवडायला लागल्या. मी कंपनीत रात्रपाळी बदलून मागायची ती टाळली. दादा रोज पेपर घेऊन येत आणि तो न उघडता मांडीवर ठेवत. मी कानस घासत असे, ते बोलत असत. पेठच्या जंगलातल्या गोष्टी, सागाची चोरी, क्वार्टरच्या मागं बसून ओढलेला पहिला पाइप. एकदा म्हणाले, "वीणा लहान होती तेव्हा पाइप विझला की काडी ओढायचं काम तिचं. तिच्या आईला वास खपायचा नाही, म्हणून आम्ही दोघं मागं जाऊन बसायचो."

मी ड्रिल फिरवत राहिलो.

"घर सोडून गेली त्या दिवशी सकाळीही काडी तिनंच ओढून दिली. मला काही बोलली नाही." मग मांडीवरच्या पेपरची घडी सरळ करत, "बोलली असती तर मी नाहीच म्हणालो असतो, ती गोष्ट वेगळी."

मी ड्रिल फिरवतच राहिलो आणि ते तुकड्यातून आरपार गेलं. दादांनी पाहिलं, लाकडांच्या पिशवीतून दुसरा तुकडा काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "असू दे."

शेवटी एकदाची भोकं भेटली. वाटी झाली, काचकागदानं घासून गुळगुळीतही झाली. जरा एका बाजूला कललेली होती, पण दादा म्हणाले, "माणसंही असतात तशी." आता राहिली तोंडात धरायची नळी. इथं माझी परीक्षा होती. कंपनीतून पितळेची नळी आणली, ती तापून माझ्याच ओठाला चटका बसला. प्लॅस्टिकची लावली, तिला असा वास सुटला की दादा म्हणाले, "हा वास तर बाहेरही फुकट येतोय."

त्या दिवशी दादा दुपारचे झोपले होते. मी काहीतरी नळीसारखं शोधत घरभर हिंडलो आणि कपाटाच्या खालच्या खणात मला हवी ती वस्तू सापडली. जुनं शाईचं पेन. जाड, काळं, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. निब मोडलेलं, शाई कधीच वाळून गेलेली, सोबत तुटकी क्लिप आणि दोन गंजलेल्या किल्ल्या. चांगले पाइपवाले नळी एबोनाइटचीच करतात हे मला ठाऊक होतं. मी आनंदानं करवत घेतली. निबाची बाजू कापली, बंद टोकाला भोक पाडलं, कानशीनं आकार दिला, नळाखाली एकदा धरलं आणि वाटीत बसवलं. असं घट्ट बसलं की जणू त्या पेनाचा जन्म त्यासाठीच होता.

संध्याकाळी दादा उठून आले तेव्हा पाइप तिवईवर तयार होता. उद्घाटनाला फडके आणि फडकेवहिनीही जाळीपलीकडून आत आले. ड्रिल त्यांचं होतं, त्यांचा हक्कच होता. दादांनी पाइप हातात घेतला, फिरवून बघितला, तंबाखू भरली. मी काडी ओढली. त्यांनी दोनचार झुरके घेतले, डोळे मिटले आणि लांब धूर सोडला.

"ओढतोय चांगला," ते म्हणाले. मग डोळे न उघडताच, "छान केलात, विनायकराव."

माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला तेव्हा कळलं. इथंच ही गोष्ट संपली असती तर मी आज वेगळा माणूस असतो.

दादा जोरजोरात झुरके घेऊ लागले. किती दिवसांची तहान होती. अंधार पडायला लागला होता, गॅलरीत चाळीसचा पिवळा दिवा. मध्येच ते म्हणाले, "जरा कडवट लागतंय." मी म्हणालो, "नवीन लाकूड आहे, दादा." त्यांनी ओठ पुसले, मिशीवरून हात फिरवला. आणि फडकेवहिनी एकदम उभ्या राहिल्या.

कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात वहिनींनी प्रथमोपचाराचा वर्ग केला होता, आणि तेव्हापासून त्या एका पेशंटच्या शोधात होत्या.

"दादा, तुमचे ओठ निळे पडलेत."

सगळ्यांनी पाहिलं. ओठ निळे होते. बोटं निळी होती. मिशीचा खालचा काठही निळसर दिसत होता.

"छातीत दुखतंय?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"घाम?"

"नाही."

"हाच तो," वहिनी म्हणाल्या. "न दुखणारा अटॅक. पुस्तकात आहे. अहो, गेटवर फोन करा."

"मला काही झालेलं नाही," दादा म्हणाले, आणि तोंड उघडलं तेव्हा त्यांची जीभ दिसली. ती तर जांभळाचा हंगाम असावा तशी होती. त्यानंतर दादांचं कुणीच ऐकलं नाही. फडक्यांनी त्यांचे पाय धरले, मी काखेत हात घातले, आणि जंगलात वाघाच्या मागावर हिंडलेल्या माणसाला आम्ही गव्हाच्या पोत्यासारखं उचलून कंपनीच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं. पाइप त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

गेटपाशी वीणा भेटली. शाळेतून चालत येत होती. तिनं अ‍ॅम्ब्युलन्स पाहिली, आतले दादा पाहिले, आणि पर्ससकट आत चढली. अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा बंद होता (मेंटेनन्स माझ्याच खात्याकडे होतं), म्हणून ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून "बाजू हट, पेशंट है, सीरियस है" असं ओरडत गाडी हाकत होता. प्रत्येक "सीरियस"ला वीणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं दादांचा निळा हात दोन्ही हातांत धरला. "दादा, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या दिवशी सकाळी मी सांगणार होते."

"रडू नकोस," दादा म्हणाले. "मी बरा आहे."

"पेशंटनं बोलायचं नाही," फडकेवहिनी म्हणाल्या.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, जिभेवर बॅटरी मारली. मग बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दादांच्या ओठावरून फिरवला. बोळा निळा झाला. ओठ गुलाबी झाला.

डॉक्टरांनी बोळ्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही शाई प्यायलात?"

फडकेवहिनींना फार वाईट वाटलेलं दिसलं. डॉक्टरांनी दादांच्या मुठीतून पाइप घेतला, नळी ओढून काढली आणि झटकली. त्यांच्या पांढऱ्या कोटावर निळे थेंब उडाले. वर्षानुवर्षं आत वाळून बसलेली शाई धुरानं आणि तोंडाच्या ओलीनं विरघळून थेट दादांच्या पोटात चालली होती.

मला हायसं वाटलं. मी हसायला तोंड उघडलं आणि वीणाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं डॉक्टरांच्या हातातून ती नळी घेतली होती. नळीवर एक बारीक सोनेरी कडं होतं, ते मी शोभेला तसंच ठेवलं होतं.

"हे माझं पेन आहे," ती म्हणाली.

दादा स्ट्रेचरवर उठून बसले. त्यांनी नळी घेतली, चष्मा सरकवून बघितली. "मॅट्रिकला मी दिलेलं."

"हो."

"तू ठेवलं होतंस?"

"घरातून येताना एवढंच घेतलं होतं पर्समध्ये."

दोघंही त्या तुकड्याकडे बघत राहिले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. त्या भिंतीत शिरता आलं असतं तर मी शिरलो असतो. पेन गमावलं, ते तर होतंच. पण लेकीनं जाताना आपली आठवण सोबत नेली, या ज्या खुणेसाठी बाप चार वर्षं झुरला ती आमच्याच कपाटाच्या खालच्या खणात होती, आणि त्यांना ती दिसली तेव्हा तिची मान मी करवतीनं उडवलेली होती.

"आलाच आहात तर ब्लडप्रेशर बघू," डॉक्टर म्हणाले. ते बघितलं आणि त्यांचा चेहरा खरोखरच गंभीर झाला. प्रेशर फार वाढलेलं होतं, बरेच दिवसांपासून असावं. गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी. आणि तंबाखू त्या क्षणापासून बंद.

फडकेवहिनी पुढं वर्षभर सांगायच्या की त्यांच्यामुळे दादांचा जीव वाचला. त्यात तथ्य होतं, म्हणून मला वादही घालता येत नसे.

त्यानंतर दादा आणखी काही दिवस राहिले. ते आता संध्याकाळी आतल्या खोलीत बसत. वीणा शाळेतून आली की बापलेकीच्या गप्पा सुरू व्हायच्या, जेवायची वेळ झाली तरी संपायच्या नाहीत. वीणानं मला त्या पेनावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. मी गॅलरीत बसायचो. समोर वेताची खुर्ची असायची. दादा मला रागावले नव्हते. समोर आलो की "या विनायकराव" म्हणायचे, अगदी थेट. पण मग आम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोलायचो आणि गप्प व्हायचो. आमच्यात बोलायला जे होतं ते त्या बाभळीच्या तुकड्याभोवती होतं. तो बंद पडल्यावर काय बोलायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

निघायच्या दिवशी मी त्यांना कल्याणला एस.टी.त बसवून दिलं. खिडकीशी उभा राहून विचारलं, "दादा, परत कधी येताय?"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तुमचे हात रिकामे असतील तेव्हा कळवा."

मी मोठ्यानं हसलो. मला तो टोमणा वाटला. चांगला होता म्हणून मी कॉलनीत सगळ्यांना सांगितलाही. तो टोमणा नव्हता, आमंत्रणाची वाट बघणं होतं, हे वीणानं मला पुष्कळ उशिरा सांगितलं. ती सुट्टीत नाशिकला गेली की दादा विचारायचे, "विनायकरावांना रजा नाही का?" मला रजा नसायची. कंपनीत नवा प्लँट उभा राहत होता, रोज काहीतरी बिघडत होतं. पुढच्या वेळी नक्की जाऊ, असं मी म्हणत राहिलो, आणि एका हिवाळ्यात दादा झोपेतच गेले.

नव्वद सालानंतर ती कंपनीच बंद पडली. गेटला कुलूप लागलं. माझे हात रिकामे झाले, कळवायला मात्र कुणी उरलं नव्हतं. वीणा म्हणाली, "दादा होते तेव्हा गेला असतात तर?" मी काय सांगणार? जन्मभर मेंटेनन्समध्ये काढला. ब्रेकडाउन झाल्याशिवाय कुठं जायची मला सवयच नव्हती.